क्रमांक नसलेली यादी

अर्ज करणाऱ्याला दोन उत्तरे ठाऊक असतात आणि घरच्यांनी त्या दोन्हींची थोडीफार तयारी केलेली असते. होकार आला तर पैशांची जुळवाजुळव कशी करायची आणि नकार आला तर लेकीची समजूत कोणी घालायची, एवढे आमच्याही घरी ठरले होते. तिसऱ्या उत्तराचा विचार मात्र कोणी केला नव्हता. पाडवा तोंडावर आलेला असताना, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ज्या विद्यापीठावर मुलीचा जीव जडला होता त्याचा निर्णय आला आणि त्यात धड अभिनंदन नव्हते की धड दिलगिरी नव्हती. तुमचा अर्ज उत्तम आहे, आज जागा देणे शक्य नाही, तुमची इच्छा असेल तर तुमचे नाव प्रतीक्षायादीत ठेवू, असा त्याचा मथितार्थ होता. तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. सारे घर जागे होते, आणि वाचून झाल्यावर परत आडवे व्हावे की चहा टाकावा हेही कोणाला सुचेना. शेवटी माझ्या आईनेच विचारले, "म्हणजे घेतलं की नाही घेतलं?" या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मला आजतागायत देता आलेले नाही.

वास्तविक, प्रतीक्षायादी हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मी पश्चिम रेल्वेच्या वाणिज्य विभागात आहे आणि नोकरीची बरीच वर्षे बडोदे स्थानकाच्या आरक्षण केंद्रात, खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. लग्नसराईत आणि मे महिन्याच्या सुट्टीत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे देताना खिडकीपलीकडचा माणूस पैसे मोजण्याआधी माझा चेहरा वाचत असे. "साहेब, क्लिअर होईल ना?" हा प्रश्न मी गुजराती, मराठी, हिंदी आणि भोजपुरी अशा चार भाषांत ऐकला आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने का होईना, देताही आले आहे. गाडी जिथून सुटते तिथली सर्वसाधारण यादी बऱ्यापैकी हलते, मधल्या स्थानकांच्या वाट्याची यादी जागची हलता हलत नाही, आणि अहमदाबाद किंवा त्याहीपलीकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना बडोदे हे मधले स्थानक आहे, एवढे ज्ञान त्याला पुरत असे. कोणता आकडा होळीच्या आधी निघेल आणि कोणता छटपूजेला अडकेल, हे सांगणारी माणसे आमच्यात होती आणि लोक त्यांचा सल्ला ज्योतिषापेक्षा अधिक मानत. त्यामुळे मुलीच्या पत्रात 'यादी' आहे असे वाचल्यावर मला पहिल्यांदा थोडे हायसेच वाटले होते. मी तिला विचारले, "कितवा नंबर आहे?" ती म्हणाली, "बाबा, नंबर नसतो."

तो नसतो, ही गोष्ट पचायला मला बरेच दिवस लागले. आमच्या यादीत सर्व काही उघड्यावर असते. कोणी तिकीट रद्द केले की तुमचा आकडा एकाने खाली येतो आणि ते तुम्हाला घरबसल्या दिसते. चार्ट लागला की निकाल लागतो, आणि ऑनलाइन काढलेले तिकीट तेव्हाही प्रतीक्षेतच असेल तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. मध्ये आरएसी नावाची एक सोयही आहे, तीत निदान बसायला अर्धी जागा मिळते. अमेरिकेतल्या बहुतेक निवडक विद्यापीठांच्या प्रतीक्षायादीला क्रम नसतो, तुमच्या पुढे किती आणि मागे किती हे विचारायची सोय नसते, आणि चार्ट कधी लागणार हे तर तेही सांगत नाहीत. त्या यादीला रेल्वेची यादी समजून बसलेला बाप म्हणजे मी, आणि माझ्यासारखे पुष्कळ असावेत असे वाटते, कारण आपल्याकडे रांग म्हटली की पुढचा माणूस निघाला की मागचा सरकतो, हे गृहीतच धरलेले असते.

मग मुलगी आणि मी मिळून या कारभाराच्या खोलात शिरलो. जागा पाहून तितकीच माणसे घ्यावीत, ही आमची रीत. विद्यापीठाची रीत नेमकी उलटी आहे. एकेक विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करतो आणि जातो एकाच ठिकाणी, त्यामुळे ज्यांना होकार कळवला त्यांतले किती प्रत्यक्ष येतील, याचा अंदाज बांधून विद्यापीठ जागांपेक्षा जास्त विद्यार्थ्यांना बोलावते. अंदाज चुकून जास्त आले तर वसतिगृहात खाटा कमी पडतात, कमी आले तर शुल्काचे उत्पन्न बुडते. या दुसऱ्या भीतीवरचा विमा म्हणजे प्रतीक्षायादी. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी १ मेपर्यंत आपला निर्णय आणि अनामत रक्कम कळवायची असते. त्यानंतर विद्यापीठ मोजदाद करते आणि खड्डा पडला असेल तरच यादीकडे वळते. मे आणि जून हे हालचालीचे खरे महिने, पण उन्हाळ्यात कोणाला दुसरीकडे जागा मिळाली, कोणाचे पैसे जमले नाहीत, कोणाला व्हिसा नाकारला गेला, तर जुलैतही एखादी जागा रिकामी होते. आणि ती जागा रिकामी झाल्यावर पुढचा माणूस सरकत नाही, कारण पुढचा असा कोणी नसतोच. वाद्यवृंदातला सनईसारखे वाद्य वाजवणारा मुलगा गळाला तर तसाच कोणी शोधतात, एखाद्या राज्यातून किंवा देशातून कोणीच आले नसेल तर तिकडे पाहतात, भौतिकशास्त्राकडे मुली कमी पडल्या तर तिथे. म्हणजे आमची मुलगी रांगेत उभी नसून कोठारात ठेवलेली होती, आणि कोणत्या मापाची वस्तू कधी लागेल हे कोठीवाल्यालाही आधी ठाऊक नव्हते.

आकडे मात्र मिळतात, आणि आकडे मिळाले की माझ्यासारख्या माणसाला वाचल्याशिवाय राहवत नाही. तिथली विद्यापीठे दरवर्षी एका ठरलेल्या नमुन्याचा माहितीतक्ता प्रसिद्ध करतात. त्यात प्रतीक्षायादीसाठी तीन रकाने असतात: यादीत राहण्याचा प्रस्ताव किती जणांना दिला, त्यांतल्या किती जणांनी तो मान्य केला आणि शेवटी किती जणांना प्रवेश मिळाला. पहिल्या रकान्यात हजारांचे आकडे असतात, तिसऱ्यात कधी शंभरांचे, कधी दहांचे, आणि काही नामांकित संस्थांच्या तक्त्यांत एखाद्या वर्षी चक्क शून्य. नॅशनल असोसिएशन फॉर कॉलेज ॲडमिशन काउन्सेलिंग या तिथल्या समुपदेशकांच्या संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार, यादीत राहायला होकार देणाऱ्या दर शंभर विद्यार्थ्यांमागे सरासरी वीस जणांना प्रवेश मिळतो आणि सर्वांत निवडक संस्थांत सात जणांना. सात टक्के हा आकडा मी आमच्या खिडकीवर कोणाला सांगितला असता तर त्याने तिकीट घेतले नसते, तो एसटीकडे वळला असता. घरात मात्र त्याच सात टक्क्यांवर आमचे सगळे चालले होते.

त्यात परदेशी विद्यार्थ्याचा मामला आणखी निराळा. शुल्कासाठी मदत लागणार आहे की नाही, याकडे न पाहता परदेशी विद्यार्थ्याचाही अर्ज वाचणारी विद्यापीठे तिकडे अगदी मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमाउथ ही त्यांतली काही नावे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराला मदत हवी असेल तर ती गोष्ट निर्णयाच्या वेळी तराजूत टाकली जाते, आणि यादी उघडण्याची वेळ येईपर्यंत मदतीची थैली बरीच हलकी झालेली असते. म्हणजे समजा मे महिन्यात बोलावणे आले, तरी ते पैशांवाचून येण्याची शक्यता मोठी. हे पत्नीने पहिल्याच आठवड्यात ताडले होते. ती महानगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवते आणि तिला गृहीतके लपवलेली आवडत नाहीत. "तुम्ही दोघं ज्याची वाट बघताय ते आलं तर परवडणार आहे का, ते आधी सांगा," असे ती म्हणाली. त्यावर मुलगी गप्प बसली आणि मीही बसलो. त्या प्रश्नानंतर वाट पाहणे थांबायला हवे होते. ते थांबले नाही, आणि माणसाच्या स्वभावाविषयी मला यातून जे कळले ते सात टक्क्यांच्या आकड्यातून कळले नसते.

बडोद्याच्या घड्याळाला या वाट पाहण्याने वेगळेच वळण दिले. उन्हाळ्यात आपल्यात आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, म्हणजे तिकडचे कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि ते बंद होते तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. दिवसभर घर सुरळीत चाले. सूरसागरावर दिवे लागायच्या सुमारास मात्र घराची चाल बदलत असे. मुलगी फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात, साखरेच्या डब्याशेजारी उपडा ठेवी, म्हणजे तो हाताशी राहू नये, आणि मग पाणी प्यायला, चमचा घ्यायला, मांजर आले का पाहायला म्हणून पुन्हा पुन्हा तिथे जाई. फोन थरथरला की डब्याच्या पत्र्यावर त्याचा बारीक आवाज होत असे, आणि तो ऐकून कोणी कोणाकडे पाहायचे नाही, असा अलिखित नियम झाला होता. बहुतेक वेळा ती वीजबिलाची आठवण असे, नाहीतर क्रेडिट कार्ड घ्या म्हणून सांगणारे कोणीतरी. एकदा खरोखरच त्या विद्यापीठाचे पत्र आले. ते परिसरातल्या फुलझाडांविषयीचे वार्तापत्र होते, कारण यादीतल्या मुलांचे पत्ते अजून त्यांच्या वार्तापत्राच्या सूचीत होते. त्या रात्री ती जेवली नाही. एरवी शेव-उसळ दिसली की वरून तर्री ओतून घेणारी मुलगी ताट तसेच सोडून उठली, तेव्हा मला त्या संस्थेचा जेवढा राग आला तेवढा नकार आला असता तर आला नसता.

शेजारीपाजाऱ्यांचे निराळेच होते. आम्ही दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत राहतो, आणि तिथे कोणाच्या घरी काय शिजते हे जसे सर्वांना कळते तसे कोणाच्या घरी कशाची वाट पाहिली जात आहे, हेही कळते. समोरच्या गुजराती काकी जिन्यात भेटल्या की हमखास विचारत, "शुं थयुं, बेटा? नंबर लाग्यो?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, त्यांच्या दोन्ही मुलांचे 'नंबर' कॅनडात लागले होते. मुलगी हसून "हजी नथी, काकी" म्हणे आणि वर येऊन दार जरा जोरात लावी. पुण्याच्या आत्याला आम्ही आधीच सगळे सांगून बसलो होतो, म्हणून ती दर रविवारी फोन करी आणि प्रश्न न विचारता हवापाण्याविषयी इतके बोले, की तो प्रश्न विचारण्यापेक्षा अवघड वाटे. नकार आलेल्या घरी लोकांना काय बोलावे ते कळते, होकार आलेल्या घरी तर कळतेच. मधल्या घरासाठी आपल्या समाजाकडे शब्द नाहीत आणि शब्द नाहीत म्हणून पेढे नाहीत, सांत्वन नाही, नुसती चौकशी आहे.

याच काळात अलकापुरीतल्या एका सल्लागाराकडे आम्ही गेलो. त्यांचे म्हणणे असे, की यादीत स्वस्थ बसणारा मागे पडतो. दर आठवड्याला काहीतरी पाठवत राहावे, शिफारसपत्रे वाढवावीत, एक छोटी चित्रफीत करावी, कोणी माजी विद्यार्थी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून शब्द टाकावा. मी हे सारे ऐकताना मनाशी हसलो, कारण आमच्याकडेही आपत्कालीन कोट्यासाठी लेटरहेडवरची पत्रे येत आणि त्यांचे गठ्ठे मी हाताळलेले आहेत. तिकडे मात्र बहुतेक विद्यापीठे स्पष्ट लिहितात की एक पत्र पुरे. अजूनही इथेच यायची इच्छा आहे आणि अर्जानंतर काय नवे घडले, एवढेच त्या पत्रात असावे, अशी अपेक्षा असते. सल्लागाराने तयार नमुना दिला होता. त्यात 'लहानपणापासूनचे स्वप्न' होते, 'माझ्या रक्तात भिनलेली जिद्द' होती, आणि ते सारे इंग्रजीत असूनही वाचताना शाळेतल्या निबंधाचा वास येत होता.

मुलीने तो नमुना बाजूला ठेवला. तिला भूविज्ञान शिकायचे आहे आणि या विषयाचे वेड तिला इथेच लागले. पावागड आपल्याला देवीमुळे ठाऊक असतो. तिला तो थरांमुळे ठाऊक आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा वाहिला त्याचेच हे एक टोक, खाली काळा बेसाल्ट आणि माथ्याकडे फिक्या रंगाचा रायोलाइट. रोपवे टाळून पायऱ्यांनी चढत तिने एका वहीत कुठे खडकाचा रंग बदलतो, कुठे कण मोठे होतात, कुठे बुडबुड्यांची भोके आहेत, याच्या नोंदी केल्या होत्या. मी सोबत होतो आणि माझे काम पाण्याची बाटली धरण्याचे होते. बालासिनोरजवळच्या रायोलीलाही आम्ही गेलो होतो, जिथे डायनासोरची अंडी आणि हाडे सापडली आणि जिथल्या हाडांवरून २००३ साली 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव जगाला मिळाले. पत्रात तिने यातले थोडेच घेतले. हिवाळ्यात अर्ज धाडल्यानंतर ती वही पुढे कशी गेली, कोणती नोंद चुकीची निघाली आणि ती चुकीची आहे हे तिला कसे कळले, एवढे तिने एका पानात लिहिले. शेवटी एक वाक्य होते, प्रवेश मिळाल्यास मी निश्चित येईन, असे. त्या वाक्यावर ती दोन संध्याकाळ अडली होती. पैशांवाचून बोलावणे आले तर 'निश्चित' हा शब्द खोटा ठरेल, म्हणून. अखेर तिने मदतीची गरज कायम आहे, असे त्याच वाक्यात जोडले. सल्लागार म्हणाले, हे जोडून तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. पडला असेलही; पण ते पत्र मी वाचले तेव्हा मला ते कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा तिचे वाटले. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, तोही तिने एका ओळीत कळवला आणि त्यापलीकडे काही पाठवले नाही.

मधल्या काळात १ मे आला. दुसऱ्या एका विद्यापीठाने तिला रीतसर प्रवेश दिला होता, काही शिष्यवृत्तीही देऊ केली होती, आणि तिथला भूविज्ञान विभाग वाईट तर नव्हेच, काही बाबतीत सरस आहे. तिथे अनामत भरली. यादीतून बोलावणे आले तर ती रक्कम बुडते आणि हे दोन्ही विद्यापीठांना ठाऊक असते. पूर्वी १ मे हा तिथल्या संस्थांमधला एक प्रकारचा तह होता. त्यानंतर दुसऱ्याकडे नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला आमिष दाखवून ओढायचे नाही, असे समुपदेशकांच्या त्याच संघटनेच्या आचारसंहितेत होते. अमेरिकी न्याय खात्याने ते स्पर्धेला मारक ठरवून आक्षेप घेतल्यावर २०१९ मध्ये संघटनेने ते कलम काढून टाकले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल, पण १ मे हा पूर्वीइतका शेवटचा दिवस राहिला नाही, हे खरे. मला मात्र वाईट वाटले ते या दुसऱ्या विद्यापीठाविषयी. त्यांनी पत्र पाठवले, टोपी पाठवली, भावी वर्गमित्रांची ओळख करून देणारी बैठक ठेवली, आणि आमची मुलगी त्या बैठकीत पडद्यावर हसत असताना तिचा एक कान साखरेच्या डब्याकडे होता. ज्यांनी तिला हवी म्हटले त्यांना ती अर्धीच मिळाली. प्रतीक्षायादीचा हा खर्च कोणत्याच तक्त्याच्या रकान्यात येत नाही.

संध्याकाळी फार कोंडल्यासारखे झाले की आम्ही दोघे कमाटीबागेत चक्कर मारत असू. बडोद्यात निवड, शिष्यवृत्ती आणि अमेरिका हे तीन शब्द एकत्र आले की सयाजीरावांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. ते स्वतः निवडूनच आणलेले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो गादीवर बसला. त्यांनी भीमराव आंबेडकरांना आधी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले आणि १९१३ साली, दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांसाठी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. ठरवणारा माणूस एक, त्याला नाव आहे, अटी कागदावर आहेत, आणि मिळाले की नाही हे त्याच्या तोंडून ऐकता येते, याचे मला त्या दिवसांत फार आकर्षण वाटू लागले होते. मुलीने ते लगेच खोडून काढले. बागेतल्या संकल्पभूमीसमोर, म्हणजे ज्या झाडाखाली आंबेडकरांनी समतेसाठी लढण्याचा संकल्प केला असे मानतात त्या जागेसमोर, उभी राहून ती म्हणाली, "बाबा, त्या महाराजांपर्यंत पोहोचवणारे केळुसकर गुरुजी होते म्हणून. बाकीच्यांचं काय? आणि निवड होऊन, तिथं शिकून परत आल्यावर १९१७ मध्ये याच गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही." तिचे बरोबर होते. बिनचेहऱ्याच्या व्यवस्थेला निदान रेल्वे कर्मचाऱ्याच्या मुलीचा अर्ज कोणाच्याही ओळखीवाचून वाचावा लागतो. आणि आमची अडचण ती केवढी, दोन चांगल्या जागांपैकी एकीचे उत्तर यायचे राहिले आहे एवढीच, याचेही भान त्या झाडाखाली आले. भान आले म्हणून साडेसहाची धडधड कमी झाली, असे मात्र झाले नाही. मोठे दुःख आठवल्याने छोटे दुःख लाजते, जात नाही.

या सगळ्यानंतर माझे मत एवढेच झाले आहे, की यादी ठेवण्याला माझी हरकत नाही. रिकामी जागा वाया जाण्यापेक्षा भरलेली बरी, हे मी नोकरीभर पाहत आलो आहे. क्रमांक देता येत नाही, हेही मी मान्य करतो, कारण त्यांची गरजच आधी ठरलेली नसते. परंतु ज्याला क्रमांक देता येत नाही त्याला निदान तारीख द्यावी. काही संस्था ती देतातही. अमुक दिवशी यादी बंद होईल आणि त्यानंतर कोणालाही बोलावले जाणार नाही, एवढे वाक्य लिहायला कोणत्याही अंदाजाची गरज नाही, निश्चयाची आहे. ते लिहिले जात नाही कारण विद्यापीठाला शेवटच्या दिवसापर्यंत दार किलकिले ठेवायचे असते, आणि त्या फटीतून येणारा वारा घरोघरच्या माणसांनी खायचा असतो. गाडी सुटल्यावर फलाटावर कोणाला उभे ठेवायचे नाही, हा आमच्या खात्याचा नियम नसेल, पण तेवढा विवेक चार्टमध्ये आपोआप आलेला आहे. आमच्या विद्यापीठाने जूनच्या अखेरीपर्यंत काम आटोपण्याची 'आशा' व्यक्त केली आहे. आशा आमची असायला हवी होती. तीही त्यांनीच घेतली.

हे लिहीत असताना पहिला पाऊस होऊन गेला आहे आणि यादी अजून उघडी आहे. दुसऱ्या विद्यापीठाचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, आला, परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या 'सेविस' यंत्रणेचे साडेतीनशे डॉलरचे शुल्क भरले, व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईची तारीख मिळाली. यानंतर बोलावणे आले तर आय-२० नवा, सेविसची नोंद दुरुस्त करायची, विमानाचे तिकीट निराळ्या शहराचे, आणि अनामत बुडालेली. मुलीने या साऱ्याची एक यादी करून फ्रिजवर चिकटवली आहे, क्रमांकांसह. पत्नीने बोलावणे पैशांवाचून आले तर काय, या प्रश्नाचे उत्तर लेखी मागितले होते. ते मुलीने लिहून दिले आणि दोघींनी ते मला दाखवलेले नाही.

काल शैक्षणिक कर्जासाठी रावपुऱ्यातल्या बँकेत गेलो होतो. कागद पूर्ण होते, अधिकारी सज्जन होते, मंजुरीपत्रावर विद्यापीठाचे नाव घालण्यापुरतेच काम उरले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "कॉलेज बदलवानुं नथी ने?" मी म्हटले, "आज सुधी तो नथी." त्यांनी पेन खाली ठेवले. एकदा नाव घातले की बदलायला सगळे प्रकरण पुन्हा वरिष्ठांकडे पाठवावे लागते, असे त्यांनी समजावून सांगितले, आणि मग मला नक्की केव्हा कळेल त्याची तारीख मागितली. माझ्यामागे खुर्चीवर आणखी दोघे-तिघे आपापल्या फायली घेऊन बसले होते. मी तीस जून सांगितली.